आईचा अंबाडा

डॉक्टरांनी प्रश्न आईला विचारला होता. उत्तर मी दिलं.

"आजी, तुमच्या घरात बायकांचे केस विरळ होण्याचा त्रास आहे का कुणाला? तुम्हाला, तुमच्या आईला?"

आई खुर्चीच्या अगदी काठावर बसली होती. डोक्यावर पदर, मांडीवर माझी पिशवी. ती तोंड उघडणार तेवढ्यात मीच म्हणाले, "छे हो डॉक्टर! आईचा अंबाडा बघा ना. साठीला आली तरी मुठीत मावत नाही. आमच्याकडे सगळ्यांचे केस दाट." आईने पदर थोडा पुढे ओढला आणि खाली बघत राहिली. डॉक्टरबाईंनी माझ्या केसपेपरवर लिहिलं, "आईला: नाही."

या गोष्टीला नऊ वर्षं झाली. तो केसपेपर अजून माझ्याकडे आहे, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. माझ्यासारख्या ज्या बायका रोज सकाळी कंगव्यातले केस बोटाला गुंडाळून त्याचा गोळा किती मोठा झाला ते बघतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. औषधांची माहिती मी सांगणार नाही, ती डॉक्टरांनी सांगावी. मी पनवेलला ब्लाउज शिवणारी बाई. पण या आजारात मी ज्या ज्या चुका केल्या, त्या माझ्याइतक्या नीट दुसरं कुणी सांगू शकणार नाही.

भांग

तेव्हा मी चौतीस वर्षांची होते. आम्ही तळोज्याला नव्या सोसायटीत राहायचो. आमचे हे, म्हणजे प्रकाश, तिथल्याच एका केमिकल कंपनीत शिफ्टला जायचे. मुलगी तन्वी चौथीत होती. मी घरातच मशीन टाकलं होतं.

एका भाचीच्या हळदीचा व्हिडिओ बघत होते. काढणारा पोरगा खुर्चीवर चढून काढत होता, त्यामुळे सगळ्यांची डोकी वरून दिसत होती. त्यात एक बाई हळद लावायला वाकली आणि तिचा भांग इतका रुंद दिसला की मी म्हटलं, अरेरे, कोण गं ही बिचारी? मग तिने मान वर केली. ती मी होते.

जुन्या ब्लाउजची शिवण ताणून ताणून विरते, धागा असतो पण मधून अंग दिसतं, तसा तो भांग होता. शिवण विरली तर मी आतून पट्टी लावून देते. डोक्याला कुठून पट्टी लावणार?

पनवेलच्या त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरबाईंकडे गेले तेव्हा आई उरणहून माझ्याकडे आलेलीच होती, म्हणून सोबत आली. बाईंनी टॉर्चसारखं एक यंत्र डोक्यावर फिरवलं आणि समोरच्या पडद्यावर माझं डोकं मोठं करून दाखवलं. एक केस जाड, शेजारचा बारीक, त्याच्या शेजारचा त्याहून बारीक. मला वाटलं होतं, केस मुळापासून गळून पडतात. बाई म्हणाल्या, या प्रकारात केस नुसते गळत नाहीत, गळलेल्या जागी नवा येतो तो आधीच्यापेक्षा बारीक, असे बारीक होत होत शेवटी उगवायचेच थांबतात. उगवणारे आहेत तोवर औषधाला काम करता येतं. नंतर फार काही होत नाही.

मग त्यांनी तो प्रश्न विचारला. माझं उत्तर त्यांनी लिहून घेतलं. म्हणाल्या, "मला तरी हे आनुवंशिकच वाटतंय. पण तुम्ही घरात कुणाला नाही म्हणताय, आणि तुमचं रक्तही कमी आहे. आधी लोहाच्या गोळ्या घ्या. तीन महिन्यांनी नक्की या, मग ठरवू."

मी गेले नाही. तीन महिन्यांनी नाही, तीन वर्षांनीही नाही. त्यांच्या बोलण्यातलं मला हवं तेवढंच मी उचललं. घरात कुणाला नाही, म्हणजे हे घरातलं नाही. म्हणजे बाहेरचं आहे. आणि बाहेरचं काय ते मला आधीपासून माहीत होतं.

पाणी

तळोज्याला कुणालाही विचारा, केस कशाने जातात? उत्तर एकच, पाण्याने. आमच्या बिल्डिंगमध्ये कधी टँकर, कधी बोअरिंग. बादलीला पांढरे ओघळ, नळाच्या तोंडाशी खडा. बायका लिफ्टमध्ये भेटल्या की केसांवरच बोलायच्या. त्यामुळे मला कुणी वेड्यात काढलं नाही, उलट पुढारीण केलं.

मी सहा बायका घेऊन सोसायटीच्या चेअरमनकडे गेले. रिकाम्या हाताने नाही. महिनाभर साठवलेले केस एका पिशवीत घालून नेले आणि त्यांच्या टेबलावर ठेवले. "हे तुमच्या टँकरचं काम," म्हटलं. चेअरमन बिचारे स्वतः पूर्ण टकले. ते त्या पिशवीकडे बघत बसले. शेवटी म्हणाले, "ताई, मी इथे राहायला येण्याआधीचा असा आहे." बाकीच्या बायका हसल्या. मी हसले नाही, मी अजून चिडले.

पाणी तपासून आणलं. रिपोर्टमध्ये पाणी जड निघालं, बाकी ठीक. मी म्हटलं, रिपोर्टच खोटा. मग नळाला फिल्टर लावला. मग केस धुवायला जुन्या पनवेलहून नणंदेकडून कॅनने पाणी आणायला लागले. कोन गावात एक बाई काळं तेल करते म्हणून ते आणलं. त्याने उशा काळ्या झाल्या. शेवटी मी हट्टच धरला की इथे राहायचंच नाही.

प्रकाशची कंपनी घरापासून चालत पंधरा मिनिटांवर होती. ते सोडून आम्ही जुन्या पनवेलमध्ये भाड्याच्या दोन खोल्यांत आलो. तन्वीची शाळा बदलली. पहिल्या शिफ्टला त्यांना पहाटे चारला उठावं लागायचं. तो माणूस एका शब्दाने बोलला नाही. वर्षभराने फक्त एकदा, मी कंगवा उजेडात धरून बघत होते तेव्हा म्हणाले, "सुरेखा, पाणी बदललं, हवा बदलली. आता उरलो मी. मला बदलून बघतेस का?"

मी कंगवा फेकून मारला. लागला नाही. पण त्यांचं बरोबर होतं हे मला तेव्हाच आतून कळलं होतं, आणि म्हणूनच फेकला होता.

या सगळ्या काळात आई येऊन जाऊन असायची. मी तिच्यासमोर पाण्याला शिव्या घालायचे आणि ती ऐकायची. एकदाच म्हणाली, "भांग बदलत जा गो मदून मदून. डावीकरून कार कवा, कवा उजवीकरून." मी म्हटलं, "तुला काय कळतंय यातलं, तुझे केस बघ!" आई कुणाला कधी आपले केस विंचरू द्यायची नाही. न्हायला मोरीत जायची ती अंबाडा बांधूनच बाहेर यायची. मी ब्लाउजचं माप घेताना गळ्यामागचा पदर जरा सरकवला तरी ती मागे सरायची. लोकांच्या अंगाची मापं घेऊन पोट भरणाऱ्या बाईला आपल्या आईबद्दल एवढंही दिसू नये, याचं मला आज फार वाईट वाटतं.

पॉलिथिनची पिशवी

पाणीपाणी करण्यात सात वर्षं गेली. माझा भांग आता भांग राहिला नव्हता, डोक्याच्या मध्यावर पेरूएवढी जागा उघडी पडली होती. मी कायम ओढणी घेऊन वावरायचे.

त्या वर्षी आई उरणला अंगणात घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. बाबा तिला पनवेलच्या हॉस्पिटलात घेऊन आले, कारण मी इथे. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन ठरलं.

हॉस्पिटलची सकाळ ज्यांनी काढली आहे त्यांना माहीत असेल. सहाला चहाची किटली फिरते, पण ज्याचं ऑपरेशन आहे त्याला तो मिळत नाही. मग ताप बघणारी, मग झाडूवाली, मग सह्या घेणारा. आईच्या शेजारच्या खाटेवर हमीदाबी होत्या, पनवेलच्याच. त्यांचा मुलगा गल्फमध्ये, सून बाळंतपणाला गेलेली, म्हणून एकट्याच होत्या. पायाला प्लास्टर, पण तोंड अखंड चालू.

नर्स आली. "मावशी, बांगड्या, मंगळसूत्र, पिना, क्लिपा, सगळं काढा. केसाला टोपी घालायचीय."

आईने दोन्ही हात अंबाड्यावर ठेवले. "केस नाय सोरायचे. आसंच घाल टोपी."

"पिना चालत नाहीत मावशी, आत मशीन असतं."

"आई, अगं काय लहान मुलीसारखं?" मी म्हटलं आणि तिचे हात बाजूला करून पिना काढायला लागले. चौथी पीन काढली आणि अंबाडा माझ्या हातात आला.

ते गंगावन होतं. आजकालच्या मुलींना हा शब्द ठाऊक नसेल. बाजारात मिळणारी तयार केसांची शेपटी, आपल्या केसांत गुंतवून वेणी किंवा अंबाडा घालायचा. हातभर लांब आणि चांगलं वजनदार. त्याच्याखाली आईची स्वतःची वेणी करंगळीएवढीही नव्हती. वर टाळू उघडी. मी रोज आरशात बघायचे तेच डोकं, फक्त केस पांढरे.

आता मी काय करायला हवं होतं ते सांगते. तिच्या डोक्यावर हात ठेवायला हवा होता. टोपी घालून, हात धरून, ट्रॉलीबरोबर दारापर्यंत जायला हवं होतं. मी काय केलं? सगळ्या वॉर्डला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तू तिथेच बसली होतीस ना? सात वर्षं! सात वर्षं मी पाण्याशी भांडत बसले आणि तू बघत होतीस?"

आई म्हणाली, "आता नको गो सुरे."

तेवढ्यात ट्रॉली आली. नर्सने बांगड्या, मंगळसूत्र आणि गंगावन एका पॉलिथिनच्या पिशवीत घालून माझ्याकडे दिलं आणि सही घेतली. आईने आत जाताना माझ्याकडे मान वळवली होती. मी पिशवीकडे बघत होते.

ओढणी

ऑपरेशन नीट झालं. देवाची कृपा म्हणा, डॉक्टरांचा हात म्हणा. तिसऱ्या दिवशी गावाकडून तिच्या चार जावा-भावजया भेटायला येणार होत्या. सकाळी आई हळूच म्हणाली, "ती पिशवी दे ना मना."

पिशवी मी घरी नेली होती. दागिने बाबांना दिले होते आणि गंगावन माझ्या मशीनच्या खणात टाकलं होतं. तेवढं सांगून, जाऊन घेऊन आले असते तर अर्ध्या तासाचं काम होतं. पण माझा राग गेला नव्हता. मी म्हटलं, "आता कशाला? आजारी माणसाला कोण केस बघायला येतंय?"

थोड्या वेळाने बघते तर चादर डोक्यावरून ओढून घेतलेली. मे महिना, पंखा गरम हवा फेकतोय, आणि ही चादरीत. शेजारून हमीदाबी बघत होत्या. त्यांनी उशाखालून आपली सुती ओढणी काढली आणि मला म्हणाल्या, "ही घे, मावशीला बांध. हातानं बांध नीट, कपालावरून." मग आईला म्हणाल्या, "मावशी, आमाला तर रोजचीच आदत हाय. बगा, तुमी आमच्यातल्या दिसाल एक दिवस, काय बिघारतंय?"

आई हसली. ऑपरेशननंतर पहिल्यांदा. पाहुण्या आल्या, बोलून गेल्या, ओढणीबद्दल कुणी विचारलंही नाही. परक्या बाईला तीन दिवसांत जे कळलं ते पोटच्या मुलीला कळत होतं, तरी तिने केलं नाही. हे लिहिताना मला आजही लाज वाटते.

औषध

आई घरी गेल्यावर मी परत त्याच डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी यंत्र फिरवलं. पडद्यावर आता जाड केस शोधावे लागत होते. मी म्हटलं, "घरात आहे कुणाला तरी." कुणाला ते सांगितलं नाही. तोंडातून निघेना. त्यांनीही खोदून विचारलं नाही. म्हणाल्या, "गेलेले आणणं कठीण आहे. आहेत ते टिकवू."

या वाक्यावर मी रिक्षात बसून रडले. सात वर्षांपूर्वी हेच वाक्य किती वेगळं असतं.

डोक्याला लावायचं औषध मिळालं, थेंबाथेंबाने भांगात जिरवायचं. बाईंनी बजावलं होतं की सुरुवातीला काही आठवडे केस जास्त गळतील, घाबरू नका, थांबवू नका. मी ऐकलं आणि विसरले. दीड महिन्याने मूठभर केस हातात आले तेव्हा बाटली बेसिनमध्ये ओतून मोकळी झाले. ही माझी दुसरी मोठी चूक. परत सुरू करण्यात आणखी चार महिने गेले. मैत्रिणींनो, हे औषध संयमाचं आहे. चार-सहा महिने काहीच दिसत नाही आणि बंद केलं की मिळवलेलं जातं. चष्म्यासारखं समजा, रोजचं. सोबत एक गोळी दिली, ती आधी रक्तदाब बघून. आपलंच रक्त काढून, मशीनमध्ये फिरवून, त्यातला भाग डोक्यात सुयांनी टोचतात तेही चार वेळा केलं. दुखतं, खोटं कशाला सांगू. केस लावण्याच्या ऑपरेशनचंही विचारलं, पण ते लावायला मागचे केस दाट लागतात आणि माझे मागचेही विरळ झालेले. बाईंनी सरळ नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्या कुणी हो म्हटलं असतं, मी केलंही असतं.

फायदा झाला का? झाला. गळणं थांबलं, कडेने बारीक लव आली. पेरूएवढी जागा लिंबाएवढी झाली. उरलेल्यासाठी टॉपर घेतला. क्लिपांनी मध्यावर लावायचा केसांचा तुकडा. आईच्या गंगावनाची नवी आवृत्तीच ती.

आणि मी तो दार लावून घालायला लागले. औषधाची बाटली मशीनच्या खणात, तेलाच्या बाटलीशेजारी ठेवायला लागले. त्याच खणात मागे आईचं गंगावन पडलेलं होतं.

मधे एकदा उरणला गेले तेव्हा राग निवला होता. आई काठी घेऊन ओट्यावर बसली होती. मी विचारलं, या वेळी हळू आवाजात. तिने सांगितलं की माझ्या पाठच्या, लहानपणीच गेलेल्या भावाच्या बाळंतपणानंतर केस गेले ते गेलेच. तिच्या आईचेही तसेच. आधी माझं लग्न जमायचं होतं म्हणून बोलली नाही, मग सवयच पडली.

"पण डॉक्टरकडे, आई? तिथे कोण होतं परकं?"

ती काठीच्या मुठीवरून बोट फिरवत राहिली. "तू माज्याकरं बगून एवरी खुशीत बोल्लीस. आईचा अंबारा बगा, म्हनून. मना ते मोरवला नाय गो."

मी तेव्हा तिला कुशीत घ्यायला हवं होतं. मी म्हटलं, "बरं, असू दे." आणि चहा ठेवायला उठले.

"पाण्यामुळे असेल"

आता जे सांगणार आहे ते सांगायला मला सगळ्यात जड जातंय.

तन्वी एव्हाना अठराची झाली होती, कॉलेजला. एक दिवस न्हाणीघरातून ओल्या केसांनी बाहेर आली, आरशासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मम्मी, माझे केस खूप गळतायत गं. बघ ना, भांग मोठा दिसतोय का?"

मी बघितलं. मला यंत्र लागलं नाही. एक जाड, शेजारचा बारीक. बारा वर्षांनी काय होणार ते मला तिच्या डोक्यावर लिहिल्यासारखं दिसलं. आणि मी, जिने सात वर्षं घालवली, आईला भर वॉर्डात बोलले, ती मी म्हणाले, "काही नाही गं. पाण्यामुळे असेल. टँकर येतोय ना हल्ली."

का म्हणाले? ती माझ्याकडे बघत होती म्हणून. माझ्या डोक्यावर तो टॉपर छान बसला होता आणि ती म्हणाली होती, "तुझे बघ किती मस्त आहेत." मला ते मोडवलं नाही. आईचं वाक्य मला त्या क्षणी पूर्ण कळलं, आणि कळूनही मी आणखी आठ महिने गप्प राहिले. माझ्या मुलीचे ते आठ महिने मी घालवले, आईने नाही, पाण्याने नाही.

नवीन

आई गेली ती सकाळी, देवपूजा आटोपून, ओट्यावर बसल्या जागी. बाबांचा फोन आला आणि आम्ही तिघं उरणला निघालो.

घर भरलं होतं. बायका तिला सवाष्णीसारखी सजवायच्या तयारीत होत्या. हिरवं लुगडं, मळवट, गजरा. आंघोळ घालायची म्हणून माझी वाट बघत होत्या. बाबांनी मला आतल्या खोलीत बोलावलं. आयुष्यभर मिठागरावर राबलेला माणूस, हात लाकडासारखे झालेले. त्या हातांनी त्यांनी ट्रंकेतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक पुडी काढली.

"ह्या लाव तिला. बायांना आत घेव नको, तूच लाव."

आत कोरं गंगावन होतं, दोऱ्याची गाठही सोडलेली नव्हती.

"नवा हाय," बाबा म्हणाले. "दिवालीला आनलेला. मोऱ्याच्या धक्क्यावरशी लाँचीनं जाऊन मंबईशी. दर दोन-तीन वर्सांनी मीच आनतंय. जुना तुज्याकरं ऱ्हायला ना. तवापासना त्याच्या आधीचा झरलेलाच लावायची, ह्या सनासाठी ठेवलेला." मग घाईने म्हणाले, "ती तुजेकरं परत मागाला तयार नवती. बोल्ली, सुरी रागावल."

ते जुनं माझ्या खणात होतं. दोन वर्षं. दर वेळी उरणला जाताना मी पापड, लोणचं, तिचे शिवलेले ब्लाउज, सगळं न विसरता न्यायचे.

आंघोळ होईपर्यंत मी तिच्या डोक्याला गुंडाळलेला पदर हलू दिला नाही, मग बायकांना बाहेर पाठवून दार लावलं आणि आईजवळ बसले. एका हाताने केस धरून दुसऱ्याने पीन लावायला गेले. तिची ती करंगळीएवढी वेणी हातात ठरेना. शेवटी मी दार किलकिलं करून तन्वीला आत घेतलं. तिला म्हटलं, "आजीचे केस धर."

तन्वीने बघितलं. तिने एका हाताने वेणी धरली, दुसऱ्याने माझ्या हातात एकेक पीन देत राहिली. अंबाडा बांधून झाला. मी गजरा माळला. मग ती म्हणाली, "आजीला पण?"

"पण म्हणजे?"

"तुझा टॉपर मला कधीचा माहितेय, मम्मी. औषधाची बाटली पण बघितलीय. मला वाटलं, तुला आवडणार नाही विचारलेलं." आणि मग तिचा हात आपसूक स्वतःच्या भांगाकडे गेला. "म्हणजे माझं पण पाण्यामुळे नाहीये."

"नाही," मी म्हटलं. "मला तेव्हाच माहीत होतं."

ती रागावेल असं वाटलं. सगळ्या वॉर्डला ऐकू जाईल असं ओरडायचा तिला हक्क होता. तिने फक्त आजीच्या कपाळावरची एक बट मागे सारली आणि दार उघडलं. बायका आत आल्या. एक चुलती रडता रडता म्हणाली, "म्हातारीचा अंबारा बग कसा, शेवटपरयंत तसाच." बाबा दाराशी उभे होते. त्यांनी मान खाली घातली.

तेराव्यानंतर तन्वीला घेऊन मी त्याच डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी यंत्र फिरवलं, पडद्यावर दाखवलं. म्हणाल्या, "लवकर आणलंत, छान केलंत." मी म्हटलं, "आठ महिने उशिरा आणलंय."

मग त्यांनी विचारलंच. "घरात आहे कुणाला?"

तन्वीने माझ्याकडे बघितलं. मी टॉपरच्या क्लिपा एकेक काढल्या आणि तो टेबलावर ठेवला. पंख्याचा वारा टाळूला लागला. म्हटलं, "मला. माझ्या आईला. आणि तिच्या आईला." आणि फोल्डरमधून तो नऊ वर्षांपूर्वीचा केसपेपर काढून त्यांच्यापुढे सरकवला. "डॉक्टर, हिचा नवीन पेपर करायच्या आधी एवढं दुरुस्त करून द्या. आईचं मी चुकीचं सांगितलं होतं."

बाईंनी तो कागद वाचला. मग पेनाने "नाही" खोडलं आणि वर "होय" लिहिलं. त्याला अर्धं मिनिटही लागलं नाही.